मुंबई ते नागपूर : किलोमीटरचे गणित आणि माहेरचे अंतर

मुंबईहून नागपूर किती लांब, असे आपल्या वस्तीतील कोणालाही विचारा. तो किलोमीटर सांगणार नाही. "एक रात्र," असे सांगेल. संध्याकाळी दादरला गाडीत बसायचे, कसाऱ्याच्या घाटात डबा सोडायचा, भुसावळला अर्धवट झोपेत चहावाल्याची हाक ऐकायची आणि वर्धा गेले की तोंड धुऊन पिशव्या आवरायच्या. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आपल्या हजारो कुटुंबांनी हे अंतर असेच मोजले आहे. जागा मिळाली तर बसून, नाही मिळाली तर दाराशी वर्तमानपत्र अंथरून.

परंतु वाचक बंधू-भगिनींनो, याच दोन शहरांमध्ये दुसरे एक अंतर आहे, विमानाचे. त्याचा हिशेब आपल्या घरांत सहसा कोणी करीत नाही, कारण ते आपले नव्हेच अशी समजूत आहे. आम्ही उभयतांना तो हिशेब २०२४ च्या मे महिन्यात एका रात्रीत करावा लागला. तोच येथे मांडतो आहोत. कोणावर केव्हा वेळ येईल सांगता येत नाही, आणि त्या घटकेला कागद-पेन्सिल घेऊन बसायला सवड नसते.

आधी आकडे पाहू. मुंबईचा विमानतळ ते नागपूरचा विमानतळ हे सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर आहे. सरळ म्हणजे नकाशावर फूटपट्टी ठेवून नव्हे. पृथ्वी गोल आहे, म्हणून त्या गोलावर दोरा ताणून धरला तर जो सर्वात आखूड मार्ग निघेल तो धरतात. वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. समुद्रावरच्या खलाशांचा सागरी मैल तेही वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. त्या हिशेबाने मुंबई-नागपूर ३७० मैल भरते. रेल्वेने हेच अंतर बोरीबंदरपासून ८३७ किलोमीटर आहे. म्हणजे लोखंडी रस्ता हवाई रस्त्यापेक्षा दीडशे किलोमीटर लांब.

हे दीडशे किलोमीटर जातात कोठे? नकाशा उघडा म्हणजे दिसेल. रेल्वे कल्याण, इगतपुरी, नाशिक, मनमाड करीत वर चढते, जळगाव-भुसावळपर्यंत खानदेशात जाते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा अशी विदर्भात उतरते. ही लाईन घातली इंग्रजी कंपनीने. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली आणि १८६७ साली रूळ नागपूरला पोहोचले. कंपनीला वऱ्हाडचा कापूस बंदरावर आणायचा होता आणि भुसावळहून उत्तरेकडचा फाटाही काढायचा होता. तुमच्या-आमच्या आत्या-मावशांना लवकर माहेरी पोहोचवावे हा तिचा हेतू नव्हता. दीडशे वर्षांहून अधिक काळ आपण कापसाच्या वाटेने प्रवास करीत आलो.

सरळ दोरा मात्र माळशेज घाटाजवळून सह्याद्री ओलांडतो, संगमनेरवरून, औरंगाबादवरून (आता छत्रपती संभाजीनगर) आणि बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून कारंजाच्या बाजूने नागपूरला जातो. गंमत अशी की नवा समृद्धी महामार्ग बराचसा याच दोऱ्याच्या बाजूबाजूने बांधला आहे. त्याची लांबी ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. अर्थात तो रस्ता आमणेला, म्हणजे भिवंडीजवळ, संपतो. तेथून कुर्ल्याला येताना जो वेळ जातो त्याला समृद्धी म्हणता येणार नाही. असो.

आता या आकड्यांचा आमच्याशी संबंध कसा आला ते सांगतो.

आमच्या थोरल्या अक्का लग्न होऊन नागपूरला इंदोऱ्यात गेल्या. दाजी अजनीच्या रेल्वे शेडमध्ये कामाला. रेल्वेचा पास असल्यामुळे अक्कांचे माहेरी येणे फुकटात होई. वस्तीतल्या बाया म्हणत, हिचे माहेर लांब असून जवळ. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये आमची आई कालकथित झाली. पहाटे पाचची वेळ. आमच्याकडे तेव्हा टेलिफोन नव्हता. तार केव्हा पोहोचेल याचा भरवसा नव्हता. कुर्ल्याच्या कारशेडमध्ये एक ओळखीचे गृहस्थ होते. त्यांनी रेल्वेच्या आतल्या फोनवरून भुसावळ, तेथून नागपूर, तेथून अजनी असा निरोप फिरवला. तो दाजींना दुपारी एकच्या सुमारास मिळाला. अक्का कडेवरच्या मुलीला घेऊन संध्याकाळच्या गाडीत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दादरला उतरल्या.

आईचा अंत्यविधी आदल्या संध्याकाळीच झाला होता. पाऊस थांबत नव्हता, दहा बाय दहाची खोली, बर्फ वितळून पाणी शेजाऱ्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. जाणत्या मंडळींनी निर्णय घेतला आणि तो बरोबरच होता. अक्का दादरहून थेट घाटावर आल्या. त्यांनी आईचा चेहरा पाहिला नाही. अस्थी पाहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मुलीचे टोपडे काढून पिळत राहिल्या. ते ओले होते हे खरे; पण पिळून झाल्यावरही त्या पिळत होत्या.

त्या काळीही नागपूर-मुंबई विमान होते. अंतर तेव्हाही ६८५ किलोमीटरच होते. पण विमानाचा विचारसुद्धा कोणाच्या मनात आला नाही. ना आमच्या, ना दाजींच्या, ना त्या जाणत्या मंडळींच्या. पास होता, गाडी होती, एवढेच जग होते.

मे २०२४ मधल्या त्या रात्री एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. दाजी गेले. रात्री जेवण झाल्यावर छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारातच संपले. भाची बोलत होती, तीच जी १९९४ मध्ये कडेवर होती. ती म्हणाली, "मामा, इथे फार ऊन आहे. सगळे म्हणतात दुपारच्या आत न्यायचं." नागपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. पारा ४४ च्या वर, आणि घरात एक कूलर.

आम्ही उभयता फोन खाली ठेवून एकमेकांकडे पाहत बसलो. रात्रीच्या सर्व गाड्या निघून गेल्या होत्या. सकाळी सहाची गीतांजली होती. तिच्यात जनरल डब्यात पाय ठेवायला जागा मिळाली तरी नागपूर यायला संध्याकाळचे साडेपाच. म्हणजे पुन्हा तेच. आई-वडील नाहीत, दुसरे भावंड नाही. अक्कांचे माहेर म्हणजे आम्ही दोघेच. माहेरचे माणूस नसताना तिचा माणूस उचलायचा, हे दुसऱ्यांदा होणार होते.

आमचा पुतण्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर आहे. त्या रात्री तो पाळी संपवून नुकताच घरी आला होता. त्याने मोबाईलवर पाहिले आणि म्हणाला, "काका, सहा पन्नासचं आहे. आठ पंचवीसला नागपूर. दोन सीटा मिळतात." आम्ही भाडे विचारले. दोघांचे मिळून एकोणीस हजारांच्या वर होते. आयत्या वेळचे, शिवाय सुट्टीचे दिवस. रेल्वेच्या साध्या शयनयानाला माणशी पाचशेच्या आसपास लागतात. घरात शिलाई मशीन चालते. त्या मशीनची जवळजवळ तीन महिन्यांची कमाई दोन खुर्च्यांवर जाणार होती. भिशीचा हप्ता त्याच आठवड्यात हाती आला होता, तो मुलाच्या वर्गाच्या फीसाठी बाजूला ठेवला होता. मुलगाच म्हणाला, "फी पुढच्या महिन्यात भरू." पुतण्याने तिकिटे काढली.

येथे थोडे थांबून तिकिटावरच्या वेळेचा हिशेब सांगतो, कारण तो पुष्कळांना ठाऊक नसतो. सहा पन्नास ते आठ पंचवीस म्हणजे एक तास पस्तीस मिनिटे. एवढा वेळ विमान हवेत असते असे आपल्याला वाटते. तसे नाही. विमान उभे असताना त्याच्या चाकांना लाकडी किंवा रबरी ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान मागे ढकलल्यापासून ते दुसऱ्या गावी थांबेपर्यंतचा सारा वेळ तिकिटावर धरतात. त्यात रांगेत उभे राहणे आले, जमिनीवरून रांगणे आले, उतरल्यावर जागेपर्यंत जाणे आले. प्रत्यक्ष हवेतला वेळ एक तास पाच-दहा मिनिटे. वर गेल्यावर विमान ताशी सुमारे ८०० किलोमीटर जाते. पण चढायला आणि उतरायला बराच वेळ लागतो, म्हणून ६८५ किलोमीटरला तासाहून थोडे अधिक लागते.

शिवाय विमान दोऱ्यावरून जात नाही. त्याला वाऱ्याच्या तोंडावर उडावे लागते. मुंबईत वर्षाचा बहुतेक काळ वारा समुद्रावरून येतो, म्हणून पूर्वेला नागपूरला जायचे असले तरी विमान आधी पश्चिमेकडे, जुहूच्या समुद्रावर झेप घेते आणि मग वळसा घालून मागे फिरते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना कापतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. तरी डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात तेथे हजाराहून अधिक विमाने चढली-उतरली. रांग का लागते ते यावरून कळावे. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारा असतो. तो जाताना पाठीत असतो आणि येताना छातीवर, म्हणून नागपूरला जायला कमी आणि परत यायला जास्त वेळ लागतो. आणि समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून पूर्वेकडे जाणारी विमाने ३१, ३३, ३५ हजार फूट अशा विषम उंचीवर उडतात, पश्चिमेकडे जाणारी सम उंचीवर. पुतण्याने हे सारे आम्हाला रिक्षाची वाट पाहताना सांगितले. त्या वेळी कानावर पडले आणि मनात राहिले. दुःखातही माणसाचे डोके असे कोठेतरी अडकायला जागा शोधते.

आम्ही कुर्ल्याच्या बैलबाजाराकडे राहतो. धावपट्टीचे पूर्वेकडचे टोक आमच्या घरापासून हाकेवर आहे. पूर्वेकडून उतरणारी विमाने आमच्या पत्र्यांवरून जातात. चाके मोजता येतात. मांडणीवरची भांडी हलतात. विमानाच्या वाटेत उंच बांधायला मनाई आहे, म्हणून आमच्या बाजूच्या इमारतींचे नकाशेही अडकून पडतात. ज्या विमानात आम्ही कधी बसलो नाही त्याच्यासाठी आमच्या डोक्यावरचे आकाश राखून ठेवलेले आहे. परंतु धावपट्टी जवळ म्हणजे विमानतळ जवळ नव्हे. मध्ये भिंत आहे. प्रवेशद्वार पलीकडे सहारला. अंधेरी-कुर्ला रस्त्याने मरोळवरून पाच-सहा किलोमीटरचा फेरा. पहाटे सव्वाचारला निघालो. सामान देण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, आणि आम्ही कधी गेलेलो नाही म्हणून पुतण्याने दोन तास आधी पोहोचा असे बजावले होते.

आतल्या गोष्टींचे वर्णन करीत नाही, ते पुष्कळांनी लिहिले आहे. एवढेच सांगतो की पांढरे कपडे घातलेली आम्ही दोघे पाहून तपासणीच्या रांगेतल्या एका पोलीस भगिनीने हळूच विचारले, "कोणी गेलंय का?" आणि आम्हाला पुढे काढले. आपली आहे की परकी आहे हे आम्ही विचारले नाही.

सहा पन्नासचे विमान सहा पंचावन्नला मागे सरकले. मग रांगले, थांबले, पुन्हा रांगले. चाकांनी जमीन सोडली तेव्हा सात वीस झाले होते. तीस वर्षे खालून पाहिलेली आपली वस्ती वरून दिसेल म्हणून आम्ही खिडकीला डोके लावले, पण दिसला तो समुद्र. मग विमान तिरपे झाले आणि सूर्य डाव्या खिडकीतून उजव्या खिडकीत आला.

ढगांत काही दिसत नव्हते, म्हणून मनात दुसरेच एक विमान आले. आमचे वडील गिरणीत होते. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्या रात्री त्यांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले. सांताक्रूझच्या विमानतळाबाहेर जो समुदाय रात्रभर उभा होता त्यात वडील होते. ते नेहमी सांगत की, कोणाला काही दिसत नव्हते, आवाज आला की सगळे वर बघत. दिल्ली-मुंबई हे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे, रेल्वेने १,३८५ च्या आसपास. तेव्हाची देशातली विमाने पंख्यांची, आजच्या निम्म्याहूनही कमी वेगाची. विमान ७ तारखेच्या पहाटे उतरले, पार्थिव राजगृहावर नेले आणि संध्याकाळी दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाला. रेल्वेने आणायचे तर एक अख्खा दिवस आणि रात्र गेली असती. वडिलांच्या पिढीला विमान ठाऊक झाले ते असे. त्यांनी त्यानंतर अडतीस वर्षांनी, आईच्या वेळी, अक्कांना विमानाने बोलवा असे म्हटले नाही. त्यांच्या लेखी विमान ही बसण्याची वस्तूच नव्हती.

आणि नागपूरचा विमानतळ काही आडगावचा नव्हे. १९४९ साली आपल्या देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्री नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान सकाळपर्यंत आपापल्या गावी परते. देशाच्या मध्यावर असण्याचा तो मान. पत्रे उडत होती, माणसे मात्र गाडीने जात होती.

विमान उतरले तेव्हा आठ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती, आणि थांबले साडेआठला. शिडीवरून उतरताच उन्हाचा चटका बसला. मुंबई आणि नागपूरच्या घड्याळात फरक नाही, साऱ्या देशाची एकच वेळ. पण सूर्य घड्याळ पाहत नाही. नागपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे, म्हणून तेथे सूर्य सुमारे पंचवीस मिनिटे आधी उगवतो. साडेआठलाच ते ऊन चढलेले होते.

बाहेर आल्यावर इमारतीवरचे नाव वाचले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. पूर्वी याला सोनेगाव म्हणत; २००५ साली हे नाव दिले. दीक्षाभूमीपासून हा विमानतळ थोड्याच अंतरावर आहे. एरवी आम्ही तेथे थांबलो असतो, हात जोडले असते. त्या दिवशी नाव वाचले आणि रिक्षा शोधली. खरे म्हणजे वर्धा रोडवर मेट्रोचे स्थानक आहे आणि ती गाडी सरळ इंदोरा चौकापर्यंत जाते. तो पुढचा भाग समृद्धीच्याच दिवशी, ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. पण विमानतळाच्या दारातून स्थानकापर्यंत उन्हात जायचे, जिना चढायचा, तिकीट काढायचे. ज्यांना घाई नाही त्यांनी अवश्य मेट्रोने जावे, पैसे फार वाचतात.

रिक्षा अजनीवरून गेली. दाजींनी सारे आयुष्य काढले तो शेड त्याच बाजूला. रिक्षावाल्याने पांढरे कपडे पाहून काही विचारले नाही, पण पुढे झिरो माईलपाशी गाड्या अडल्या तेव्हा आपणहून गल्लीत वळवली. त्या झिरो माईलच्या दगडी खांबावरून जुन्या काळी गावोगावची अंतरे मोजत, असे दाजी आम्हाला प्रत्येक भेटीत सांगत. प्रत्येक वेळी नवीन सांगितल्यासारखे.

साडेनऊला इंदोऱ्यात पोहोचलो. घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत सव्वापाच तास, त्यातला हवेतला वेळ एक तास पाच मिनिटे. हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. विमान तासाचे असले तरी माणूस पाच तासांचा असतो. विमानतळापासून लांब, कर्जत-कसाऱ्याकडे राहणाऱ्याला सहा-सातही लागतील. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले; पनवेल, उरण, बेलापूरकडच्या आपल्या कुटुंबांना त्यामुळे सहारचा फेरा वाचेल, मात्र तिकीट काढताना कोणत्या विमानतळावरून आहे ते दोनदा वाचावे.

अंगणात मंडप घातलेला होता. मंडळी आवरा म्हणत होती, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. पण अक्कांनी सांगून ठेवले होते, दहापर्यंत थांबायचे. दाजींचा चेहरा उघडा होता. बर्फाच्या लाद्यांवर गोणपाट, त्यावर ते. अक्का उशाशी बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आलात का? बघून घ्या."

आम्ही बघून घेतले. मग वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी दोन शब्द सांगितले. खांदा द्यायला पुढे उजवीकडे माहेरचे माणूस होते. घाटावरून परत आल्यावर अक्का दुपारी पहिल्यांदा रडल्या, आणि दाजींसाठी रडतानाच मध्येच आईचे नाव घेतले. तीस वर्षांत आमच्यापुढे त्यांनी ते घेतले नव्हते.

परत येताना आम्ही जलदान विधी करून, रेल्वेने आलो. चौदा तास. डबा होता, शेजारी अकोल्याचे एक कुटुंब होते, झोपही लागली. घाई नसेल तेव्हा रेल्वेसारखे वाहन नाही हे आमचे मत आजही कायम आहे. दर अशोक विजयादशमीला कोणी विमानाने जावे असे आम्ही म्हणणार नाही, आणि जाणाऱ्याला बोलही लावणार नाही. सरकारने २०१६ साली उडान नावाची योजना काढली. काही मार्गांवर तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांत ठरावीक आसने द्यायची आणि हवाई चप्पल घालणाऱ्याने विमानात बसावे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. पण ज्याच्या घरी रात्री दीड वाजता फोन येतो तो अडीच हजारांच्या आसनाची वाट पाहू शकत नाही. त्याला त्या घटकेला जे भाडे असेल ते द्यावे लागते, आणि विमानाचे भाडे रेल्वेसारखे ठरलेले नसते. ते मागणीप्रमाणे चढते. जितकी गरज घाईची तितके महाग.

मुलाची फी दोन महिने उशिराने भरली. भिशीची भरपाई मार्च २०२५ पर्यंत चालली.

डिसेंबर २०२४ मध्ये अक्का चैत्यभूमीला आल्या, रेल्वेतल्या कर्मचाऱ्यांच्या विधवांना मिळणाऱ्या पासावर. भाची सोबत होती. चार दिवस राहिल्या. पत्र्यावरून विमान गेले की भाचीचा मुलगा कान झाकून हसायचा. विहारात महिला मंडळाची बैठक होती, तेथे अक्कांना नेले आणि तेथेच हा विषय निघाला. पुष्कळ बायांनी आपापली सांगितली. एकीला बाप दिसला नव्हता, एकीला भाऊ. एकीचे माहेर परभणीला, एकीचे गोंदियाला, एकीचे फक्त महाडला, पण तेथेही पावसात दरड कोसळून रस्ता बंद होता. बोलता बोलता ठरले की भिशीपासून वेगळी एक पेटी ठेवायची. अठरा जणी, महिना शंभर रुपये. पैसे फक्त मयत किंवा गंभीर आजारासाठी, आणि ते रात्री केव्हाही मागता आले पाहिजेत. म्हणून पेटी बँकेत नाही, वस्तीतच, आणि किल्ल्या दोघींकडे. नेलेली रक्कम दहा महिन्यांत बिनव्याजी परत. विमानच घ्यावे असा नियम नाही. आतापर्यंत दोघींनी पैसे नेले. एकीने परभणीला जायला भाड्याची गाडी केली आणि दुसरी औरंगाबादला रात्रीच्या बसने गेली. दोघीही वेळेत पोहोचल्या. गेल्या महिन्याच्या हिशेबात पेटीत २१,६०० रुपये होते.